ऑफ-रोड गाडीसाठी हेवी-ड्यूटी अ‍ॅक्सल कसा निवडायचा? आधी गणित, मग खरेदी

फोनचा प्रोसेसर, बॅटरी, चार्जर यावर आपण नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण डोकं तेच लावायचंय. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डिग्री मात्र मेकॅनिकलची. चार वर्षं डिझाइनचे पेपर देऊन शेवटी कोडच लिहायला लागलो, आपल्यातल्या निम्म्या लोकांची हीच स्टोरी आहे. नोकरीसाठी सध्या अमेरिकेत डेन्व्हरला असतो आणि इथे आल्यावर सेकंड-हँड जीप रँग्लर घेतली, २००४ची, चार लिटर सहा सिलिंडरची, मॅन्युअल गिअरवाली.

गेल्या वर्षी युटा राज्यातल्या मोआबला गेलो होतो. ऑफ-रोडिंगवाल्यांची ही पंढरीच. १९६७ पासून दर ईस्टरला तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. एका खडकाच्या पायरीवर माझं मागचं डावं चाक अडकलं. मित्र खाली उभा राहून हाताने खुणा करत होता. तो ओरडला, "अरे थांब, थांब, मागे घे!" मला वाटलं, अजून जरासा दम दिला की चढेल. ॲक्सिलरेटर दाबला. टण्ण असा आवाज आला आणि गाडी बसली.

उतरून बघतो तर डावं चाक मडगार्डच्या बाहेर चार-पाच इंच सरकलेलं. शाफ्ट मोडला होता आणि मोडलेल्या तुकड्यासकट चाक अ‍ॅक्सलमधून बाहेर निघत होतं. मित्र त्या चाकापासून फार तर दोन हात लांब होता. त्याच रात्री आम्ही हायवेने डेन्व्हरला परतणार होतो, ताशी शंभर-एकशेदहाच्या स्पीडने. शाफ्ट अर्धवट तडकून तिथे सुटला असता तर? हा विचार अजूनही जात नाही.

यात दोष गाडीचा नव्हता. चूक माझी होती आणि ती एक नव्हे, तीन चुका होत्या. त्या समजून घेतल्या तर अ‍ॅक्सल कसा निवडायचा हे आपोआप समजतं.

अ‍ॅक्सल म्हणजे नेमकं काय काय?

अ‍ॅक्सल म्हणजे एक दांडा, असं आपण म्हणतो. रँग्लरसारख्या गाडीत मात्र तो अख्खा संच असतो:

- हाउसिंग: बाहेरचं कवच. मधला लोखंडी गोळा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या.
- क्राऊन आणि पिनियन: इंजिनाकडून येणारी फिरकी नव्वद अंशात वळवून चाकांकडे पाठवणारी गिअरची जोडी. आपल्या गॅरेजमध्ये याला क्राऊन-पिनियनच म्हणतात.
- डिफरन्शियल: वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा.
- शाफ्ट: डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे दांडे. यांच्या टोकाला दातेरी खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात.
- बेअरिंग आणि हब: जिथे चाक बसतं तो भाग.
- पुढच्या अ‍ॅक्सलला यू-जॉइंट: स्टिअरिंग वळवलं तरी शाफ्ट फिरत राहावा म्हणून. मेकॅनिक याला 'क्रॉस' म्हणतो.

हा क्रॉस आणि आजचा विषय यांचं नातं जुनं आहे. क्लॅरेन्स स्पायसर या इंजिनिअरने १९०४ मध्ये गाड्यांसाठी युनिव्हर्सल जॉइंट बनवायची कंपनी सुरू केली. तीच पुढे डॅना झाली. डॅना ३०, डॅना ३५, डॅना ४४, डॅना ६० ही अ‍ॅक्सलची नावं तिथूनच आलीत. ढोबळमानाने आकडा मोठा तितका अ‍ॅक्सल दणकट.

अ‍ॅक्सलवर जोर येतो किती?

आता पहिलं गणित. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा.

माझ्या इंजिनाचा टॉर्क साधारण ३२० न्यूटन-मीटर. पहिला गिअर हा टॉर्क सुमारे चौपट करतो. फोर-बाय-फोरचा लो रेंज टाकला की आणखी २.७२ पट. क्राऊन-पिनियनचा रेशो ३.७३, म्हणजे पुन्हा तितके पट.

३२० × ४ × २.७२ × ३.७३ = जवळपास १३,००० न्यूटन-मीटर.

घर्षणात थोडा वाया जातो, तो सोडून द्या. आजच्या रँग्लर रुबिकॉनचा अमेरिकेतला ऑटोमॅटिक पेट्रोल मॉडेल घेतला तर पहिला गिअर ४.७१, लो रेंज ४, अ‍ॅक्सल ४.१०. गुणाकार ७७ च्या वर जातो. म्हणजे इंजिनाच्या एक न्यूटन-मीटरचे चाकांपाशी ७७ होतात.

मग रोज शाफ्ट का मोडत नाहीत? कारण मध्ये एक नैसर्गिक फ्यूज आहे, तो म्हणजे टायर. टायरची पकड संपली की तो घसरतो आणि जोर तिथेच थांबतो. चढावर माझ्या मागच्या एका चाकावर ६०० किलो भार आला असं धरू. कोरड्या खडकावर घर्षणाचा गुणांक ०.९ धरू. ३३ इंची टायरची त्रिज्या साधारण ०.४२ मीटर.

६०० × ९.८१ × ०.९ × ०.४२ = सुमारे २,२०० न्यूटन-मीटर.

म्हणजे उपलब्ध आहेत १३,०००, पण २,२०० ला टायर घसरायला लागेल आणि शाफ्ट वाचेल. चिखलात गुणांक अजून कमी, म्हणून चिखलात शाफ्ट क्वचित मोडतात. मोआबचा वालुकाश्म मात्र सॅंडपेपरसारखा खरखरीत, तिथे टायर घट्ट धरतो.

हा फ्यूज दोन वेळा काम करत नाही. एक, चाक खडकात पाचरीसारखं अडकलं तर ते घसरूच शकत नाही. मग इंजिन जितका जोर देईल तितका सगळा शाफ्टला पिळतो. दोन, चाक हवेत गरगर फिरत असताना अचानक जमिनीवर टेकलं तर क्षणात झटका बसतो. झटका हा सावकाश वाढवलेल्या जोरापेक्षा कितीतरी वाईट.

माझ्या तीन चुका

१. कंपनीतून आलेले टायर २८ इंचांच्या आसपास होते. मी ३३ इंची टाकले. टायर मोठा तितका शाफ्टवर येणारा जोर जास्त. वरच्याच गणितात त्रिज्या बदलून बघा, सुमारे १८ टक्के वाढ होते. शिवाय टायर स्वतः जड, त्यामुळे झटकाही मोठा.

२. मी मागे लॉकर बसवला. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो. एक चाक हवेत असेल तर त्याला टॉर्क लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही आणि गाडी अडकते. लॉकर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधतो. मग एक चाक हवेत असताना अख्ख्या अ‍ॅक्सलचा जोर एकाच शाफ्टमधून जाऊ शकतो. गाडी चढते खरी, पण आपण शाफ्टचा भार वाढवून ठेवलेला असतो. लॉकर आधी आणि शाफ्ट 'नंतर बघू', हा क्रम चुकीचा.

३. अडकलेल्या चाकावर ॲक्सिलरेटर. यावर जगातला कुठलाही अ‍ॅक्सल हा कायमचा इलाज नाही.

निवडताना काय बघायचं?

शाफ्टची जाडी

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गोल दांड्याची पिळाला तोंड द्यायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट केला तर ताकद आठपट.

- डॅना ३५ चे २७ स्प्लाइनचे शाफ्ट: साधारण १.१७ इंच
- डॅना ४४ चे ३० स्प्लाइनचे शाफ्ट: साधारण १.३१ इंच
- डॅना ६० चे ३५ स्प्लाइनचे शाफ्ट: साधारण १.५ इंच

१.३१ ला १.१७ ने भागा आणि उत्तराचा घन करा: १.४. म्हणजे फक्त १२ टक्के जाडी वाढली आणि ताकद ४० टक्के. ४४ वरून ६० वर गेलात तर अजून ५० टक्के. म्हणून दुकानदार "किती स्प्लाइन?" हे पहिलं विचारतो.

स्टील

कंपनीचे शाफ्ट बहुतेक कार्बन स्टीलचे असतात, वरचा थर कडक केलेला. आफ्टरमार्केटमध्ये ४३४० क्रोमोली हे नाव सारखं ऐकू येईल. यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं आणि नीट हीट ट्रीटमेंट केली तर त्याच जाडीत बरीच जास्त ताकद मिळते. 'नीट हीट ट्रीटमेंट' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं 'क्रोमोली' लिहिलंय म्हणून घेऊ नका. ग्रेड कोणता, हीट ट्रीटमेंट कोणती, वॉरंटी किती, हे विचारा.

क्राऊन-पिनियनचा आकार आणि रेशो

क्राऊनचा व्यास डॅना ३५ मध्ये साधारण साडेसात इंच, डॅना ४४ मध्ये साडेआठ, डॅना ६० मध्ये पावणेदहा. मोठा क्राऊन म्हणजे मोठे दाते.

रेशो टायरप्रमाणे बदलावा लागतो. सूत्र सोपं आहे: जुना रेशो × नवा टायर ÷ जुना टायर. माझं गणित: ३.७३ × ३३ ÷ २८ = ४.४. बाजारात त्याच्या वरचा मिळतो ४.५६. तो नाही घेतला तर इंजिन दमतं, क्लच जळतो आणि हायवेला पाचवा गिअर शोभेपुरता उरतो.

पण फार मोठा रेशोही नको. ३.७३ म्हणजे क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. ५.१३ म्हणजे ४१ आणि ८. रेशो वाढतो तसा पिनियन बारीक होत जातो आणि कमजोरही.

अजून एक, जे नवखे हमखास विसरतात: पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो सारखाच पाहिजे. नाहीतर फोर-बाय-फोर लावल्यावर दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल बदलला तरी पुढच्याच्या क्राऊन-पिनियनचा खर्च आलाच.

चाक कशाने धरलंय?

माझं चाक बाहेर का आलं, याचं उत्तर इथे आहे. काही अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट आत, डिफरन्शियलपाशी, इंग्रजी सी अक्षरासारख्या छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. बाहेरच्या बाजूला त्याला धरणारं काही नसतं. शाफ्ट मध्ये कुठेही मोडला की बाहेरचा तुकडा चाकासकट मोकळा. ही रचना अनेक कंपन्यांच्या अनेक गाड्यांत आहे आणि रोजच्या रस्त्यावर ती व्यवस्थित चालते. प्रश्न येतो तो मोठे टायर आणि लॉकर टाकून खडकात गेल्यावर. डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपर चाकाला थोडंफार अडवतो, पण ते त्याचं काम नव्हे.

दुसऱ्या प्रकारात शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी, प्लेटने धरलेला असतो. रँग्लरचा मागचा डॅना ४४ असा आहे. शाफ्ट आत मोडला तरी चाक जागेवर राहतं.

तिसरा प्रकार फुल-फ्लोटिंग. यात गाडीचं वजन शाफ्टवर येतच नाही. हब दोन बेअरिंगवर, हाउसिंगच्या टोकाला बसलेला असतो आणि शाफ्ट फक्त फिरकी देतो. ट्रकांमध्ये हेच असतं. शाफ्ट मोडला तर बाहेर ओढून काढा, गाडी ढकला-ओढा, चाक पडणार नाही. हेवी-ड्यूटी डॅना ६० बऱ्याचदा असे असतात.

हाउसिंग

शाफ्ट कितीही भारी घेतला आणि नळी वाकली तर काय उपयोग? नळीची जाडी बघा, मधल्या गोळ्याला ती कशी जोडली आहे ते बघा. गाडी उडवत चालवणाऱ्यांनी वरून आधाराची पट्टी वेल्ड केलेली हाउसिंग घ्यावी. खडकात सावकाश चढणाऱ्यांना तिची गरज कमी.

बाकीचे खर्च

रुंदी, नट-बोल्टची मांडणी, ब्रेक, स्प्रिंग बसायच्या जागा, प्रोपेलर शाफ्टचं जोडणी-टोक, स्पीडोमीटरची दुरुस्ती. स्वस्त अ‍ॅक्सल मिळाला आणि त्याला तुमच्या रिम बसत नाहीत, म्हणजे पाच नवीन रिम आल्याच. स्टेपनी विसरू नका.

मग सगळ्यात मोठाच का नको?

मलाही असंच वाटलं होतं. एका दुकानात दोन्हीकडे डॅना ६० टाका म्हणून फार आग्रह झाला. एकूण रक्कम ऐकली तर माझ्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त!

पैसे बाजूला ठेवले तरी दोन तोटे आहेत. पहिला वजनाचा. अ‍ॅक्सलचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते वाढलं की रस्त्यावर गाडी धडधडते आणि ब्रेकला जास्त काम पडतं. दुसरा जमिनीपासूनच्या उंचीचा. क्राऊन साडेआठवरून पावणेदहा इंच झाला म्हणजे त्रिज्या अर्ध्या इंचाहून जास्त वाढली. तितकाच मधला गोळा खाली आला. मी ३३ इंची टायर टाकून मिळवली ती अडीच इंच उंची, त्यातली काही इथेच परत द्यायची का?

आणि एक इंजिनिअरिंगचा मुद्दा. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी कुठे असावी हे आपण ठरवायचं असतं. शाफ्ट अतिदणकट केला तर पुढचा बळी क्राऊन-पिनियनचा किंवा गिअरबॉक्सचा. जंगलात यू-जॉइंट किंवा शाफ्ट बदलता येतो, गिअरबॉक्स नाही. म्हणून अनुभवी लोक बदलता येण्यासारखा भाग 'फ्यूज' म्हणून ठेवतात आणि त्याचा स्पेअर सोबत बाळगतात.

रँग्लरवाल्यांत ढोबळ हिशोब असा चालतो:

- ३१ इंचांपर्यंत टायर, लॉकर नाही: कंपनीचाच अ‍ॅक्सल, सांभाळून.
- ३३ ते ३५ इंच, लॉकरसह: डॅना ४४ च्या ताकदीचा अ‍ॅक्सल, क्रोमोली शाफ्ट. जुन्या फोर्ड एक्स्प्लोररचा ३१ स्प्लाइनचा ८.८ इंची अ‍ॅक्सलही काही जण भंगारातून आणून बसवतात. स्वस्त पडतो, पण तोही सी-क्लिपवालाच, हे लक्षात ठेवा.
- ३७ इंच आणि वर: डॅना ६०.

जीपनेही २००३ मध्ये पहिली रुबिकॉन काढली तेव्हा पुढे-मागे दोन्हीकडे डॅना ४४ आणि लॉकर एकत्रच दिले. लॉकर हवा तर अ‍ॅक्सलही तसा हवा, हे यातून कळतं.

मी काय केलं?

मागे तयार, नवीन डॅना ४४ घेतला: ३० स्प्लाइन, ४३४० शाफ्ट, ४.५६ रेशो, सी-क्लिप नाही. पुढे जुनाच डॅना ३० ठेवला, त्यात क्रोमोली शाफ्ट आणि ४.५६ चे क्राऊन-पिनियन. टायर ३३ वरच थांबवले. आता मागच्या डब्यात पुढचा एक स्पेअर शाफ्ट आणि दोन यू-जॉइंट कायम असतात. नवीन क्राऊन-पिनियनला सुरुवातीला गरम-थंड व्हायला वेळ द्यायचा आणि सांगितलेल्या अंतरावर तेल बदलायचं, हेही पाळलं.

महाराष्ट्रात हे कितपत लागू?

गणित तेच, गाड्या वेगळ्या. आजची रँग्लर पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते, २०२१ पासून. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे असे सलग अ‍ॅक्सल आहेत. थारला (२०२० चं मॉडेल) मागे सलग अ‍ॅक्सल आहे, पुढे मात्र दोन्ही चाकं स्वतंत्र. त्यामुळे "थारला पुढून डॅना टाकू" हे दिसतं तितकं सोपं नाही, अख्खं सस्पेन्शन बदलावं लागतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत काही करायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्स, दोन्हीकडे विचारा. अपघातानंतर क्लेम नाकारला गेला तर शाफ्टची वॉरंटी कामाला येत नाही.

दुकानात जायच्या आधी फोनच्या नोट्समध्ये हे लिहून ठेवा

१. आत्ताचा आणि पुढे टाकायचा टायर किती इंची? शेवटचा आकडा आजच ठरवा, त्यावरच सगळं अवलंबून आहे.
२. लॉकर हवा का?
३. स्प्लाइन किती, स्टीलचा ग्रेड कोणता?
४. शाफ्ट मोडला तर चाक जागेवर राहील का?
५. पुढचा-मागचा रेशो जुळतोय का?
६. रिम, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट धरून एकूण खर्च किती?

चौथा प्रश्न मी स्वतः विचारला नव्हता. अ‍ॅक्सल घेताना सगळे "किती दणकट?" विचारतात. तो मोडला तर पुढे काय होतं, हेही विचारा. कारण खाली कोणीतरी उभं राहून हाताने खुणा करत असतं.

आणि तो "थांब" म्हणाला की थांबायचं. हे अपग्रेड फुकट आहे.